भोर टोलीचे इंजिन

रविवारी सकाळी बंडू गणोरकर फेरीवरून परतला की आधी सायकल पुसत असे आणि मग स्वतःचे तोंड धूत असे. हा क्रम मला आवडे. जबलपूरच्या विजय नगरातील आमच्या इमारतीत तो वरच्या मजल्यावर राहतो आणि मी तळमजल्यावर. अंगणातला नळ माझ्या व्हरांड्याला लागूनच असल्यामुळे हा सगळा विधी माझ्यासमोर होई. साखळी जुन्या बनियनच्या फडक्याने लख्ख झाली की तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसे, पाठीवरच्या खिशातून पनागरहून आणलेल्या मटाराच्या शेंगा काढून टीपॉयवर ठेवी, आणि त्या दिवशीची हकीकत सांगू लागे. शेंगा त्याच्या बायकोसाठी, दीपावहिनींसाठी असत, परंतु हकीकत संपेपर्यंत त्यांतल्या निम्म्या आम्ही दोघे सोलून खात असू.

त्याचे कागदोपत्री नाव मुरलीधर. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात तो भांडार विभागात काम करतो. त्याचे वडीलही त्याच कारखान्यात होते. पन्नाशी ओलांडलेला, उंच, खांद्यांनी रुंद, आणि त्या देहाला न शोभणाऱ्या बारीक आवाजाचा हा मनुष्य आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या मागे उभा राहिला आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा फेटे बांधलेली मंडळी पुढे चालतात. बंडू सर्वांत शेवटी जनरेटरची हातगाडी ढकलत येतो. मी एकदा त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला होता, "कोणी तरी ढकलायला पाहिजेच न, काका. दिवे गेले तर पुढच्यांचे फेटे कोणाला दिसतील?"

त्याच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. चालण्याने गुडघे दुखू लागले. तेव्हा अनुपम चांदूरकर त्याला म्हणाला, "बंडूदादा, चालणं सोडा, सायकल घ्या. आमच्यासोबत या. एकटं राहिलं की माणूस आठ दिवसांत कंटाळतो."

अनुपम म्हणजे भय्यासाहेब चांदूरकरांचा मुलगा. चांदूरकर आणि गणोरकर ही दोन्ही कुटुंबे एके काळी कारखान्याच्या वसाहतीत भिंतीला भिंत लावून राहत होती. भय्यासाहेबांचे ऑपरेशन झाले तेव्हा अनुपम औषधांच्या एजन्सीच्या कामाने बाहेरगावी होता, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बंडू बसला होता. अनुपम वयाने त्याच्याहून बराच लहान, बोलण्यात चतुर, दिसायला देखणा. त्याने सायकलस्वारांचा एक गट जमवला होता आणि त्याला भोर टोली, म्हणजे पहाटेची टोळी, असे नाव दिले होते. उजाडण्यापूर्वी ही मंडळी विजय नगरच्या चौकात जमत, रविवारी पनागरच्या रस्त्याने जात आणि मधल्या एखाद्या दिवशी तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत जाऊन येत.

बंडू पहिल्या दिवशी गेला तो माकडटोपीवर हेल्मेट चढवून. नव्या सायकलीला त्याने आग्रह धरून स्टँड आणि घंटी बसवून घेतली होती. आलोक नावाचा एक तरुण तिच्याभोवती फिरून म्हणाला, "दादा, कैरियर भी लगवा लेते. लौटते में सिलेंडर ले आते." सगळे हसले, बंडूही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने स्टँड काढून टाकला. घंटी मात्र ठेवली. रस्त्यावर म्हशी असतात आणि म्हशींना हेल्मेट कळत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

समूहाने सायकल चालवण्याचे एक शास्त्र असते, हे मला त्याच्याकडून कळले. पुढच्याच्या मागच्या चाकापासून आपले पुढचे चाक हातभर अंतरावर ठेवायचे. खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा आणि "गड्ढा" असे ओरडायचे, मग तो शब्द एकाकडून दुसऱ्याकडे शेवटपर्यंत पोहोचवायचा. थांबायचे असेल तर हात पाठीमागे नेऊन पंजा उघडायचा. बंडूने या खुणा इतक्या निष्ठेने आत्मसात केल्या की कारखान्यात तुटकी पायरी दिसली तरी त्याचा हात आपोआप खाली जाई. पहिले काही आठवडे तो टोलीच्या शेपटाला धापा टाकत राहिला. समोरच्या चाकाखेरीज त्याला काही दिसत नसे, आणि टोलीच्या तोंडाशी काय चालते याची त्याला कल्पना नव्हती.

डिसेंबरातल्या एका रविवारी उत्तरेचा बोचरा वारा सुटला होता. पनागरचा रस्ता बराचसा उत्तरेलाच, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जातो. अनुपमने मागे वळून त्याला हाक मारली, "बंडूदादा, तुम्ही पुढे या." तो गेला आणि पनागर येईपर्यंत पुढेच राहिला. चहाच्या टपरीवर आलोक म्हणाला, "आज तो दादा इंजन निकले. हम सब डिब्बे." त्या दिवशी सायकल पुसताना तो नेहमीपेक्षा अधिक वेळ घेत होता. मग खुर्चीत बसून सावकाश म्हणाला, "काका, आज मला पुढं ठेवलं."

त्यानंतर पुढची जागा त्याचीच झाली. तो येईपर्यंत टोली निघत नसे. तो पुढे, बाकीचे आठ-दहा जण त्याच्या रुंद पाठीमागे एका ओळीत. तो वाऱ्याशी झुंजत पनागरला पोहोचे, आणि गाव दिसू लागताच मागची तरुण मंडळी सपाट्याने त्याच्या बाजूने निघून जात व टपरीपर्यंत आपसांत शर्यत लावत. तो शेवटी पोहोचे. तरीही चहाचा पहिला कप त्याला मिळे. ज्याला टोली मानते त्याला पुढे ठेवते, असा त्याने या सगळ्याचा अर्थ लावला. आमच्याकडे पुढे कोण चालतो यावरून माणसाची किंमत ठरते; मिरवणूक असो की लग्नाची वरात, हे कोणी शिकवत नाही, ते बघूनच कळते. त्याच डोळ्यांनी त्याने टोलीकडे पाहिले.

त्याची मुलगी चिन्मयी कॉलेजात आहे. तिला मराठी समजते, बोलताना मात्र वाक्य अर्ध्यावर हिंदीत जाते. ती एकदा जिन्यावरूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही तर त्यांची खिडकीची काच हो. हवा रोकने के लिए."

"चूप," वरून दीपावहिनींचा आवाज आला. "मान देऊन राहिले ते बाबांना. तुला काय समजतं त्यातलं?"

"काच फुटली की कळेल," चिन्मयी म्हणाली आणि स्कूटरला किल्ली लावून निघून गेली. बंडू हसत राहिला.

जानेवारीत विनीता नावाच्या एक बाई नागपूरहून माहेरी आल्या होत्या. त्यांचे माहेर आमच्या मागच्याच गल्लीत. चाळिशीच्या, सडपातळ, नागपुरात कित्येक वर्षे सायकलीवर लांबलांबचे पल्ले करणाऱ्या. एका रविवारी त्या भोर टोलीसोबत गेल्या आणि परतताना पाण्याची बाटली भरून घेण्यासाठी बंडूबरोबर आमच्या नळाशी थांबल्या. मी व्हरांड्यात होतो.

"दादा, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही पाळी काहून नाही देत?"

"कसली पाळी?"

"पुढची. पुढचा माणूस थोडा वेळ वारा झेलतो, मग कोपर हलवून बाजूला होतो आणि शेवटी जाऊन लागतो. मग त्याच्या मागचा पुढं. पुढच्याला जेवढी मेहनत पडते न, तेवढी मागच्याला पडत नाही. म्हणून सगळे वाटून घेतात."

पाहुण्याच्या चुकीला आपण हसतो तसा बंडू सौम्यपणे हसला. "ताई, आमच्या टोलीत तशी पद्धत नाही. आमच्यात पुढं एकच असतो."

"अच्छा. आणि तो एक नेहमी तुम्हीच?"

"हो न."

विनीताबाईंनी बाटलीचे झाकण लावले आणि त्या निघाल्या. फाटकापाशी गेल्यावर मात्र त्या वळल्या. "तुमच्या मागं आज मी इतकी आरामात गेली दादा, की मला लाज वाटून राहिली होती."

बंडूने ती आपली स्तुती समजली. पण गोष्ट मनात राहिली असावी, कारण दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना तो अनुपमच्या एजन्सीवर गेला आणि त्याने सरळ विचारले. अनुपमने काय उत्तर दिले ते बंडूने मला शब्दशः सांगितले. "दादा, नागपूरवाल्यांचं ते सगळं पुस्तकी. आपली टोली म्हणजे फॅमिली आहे. तुम्ही पुढं असता म्हणून पोरं शिस्तीत राहतात. तुम्ही मागं गेलात की भरकटतील." आणि मग त्याच दमात, "बरं झालं आलात. कटनीच्या टीममध्ये तुमचं नाव घातलंय."

कटनीच्या एका मंडळाने फेब्रुवारीत जबलपूर ते कटनी अशी सायकलची स्पर्धा ठरवली होती. प्रत्येक संघ पाच जणांचा. भोर टोलीच्या संघात अनुपम, आलोक, दोन तरुण अभियंते आणि बंडू.

त्या संध्याकाळी बंडू माझ्याकडे आला तो जिना न चढता थेट. कटनी हे दीपावहिनींचे माहेर. त्यांचे थोरले भाऊ बळीराम यांचा तिथे चुन्याचा धंदा आहे. माणूस मनाने वाईट नाही, पण मेहुण्याची थट्टा केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. "आमचे जावई फार गुणी, बोलत नाहीत, फक्त वाढून घेतात," हे त्यांचे वाक्य बंडूने लग्नापासून ऐकले होते.

"काका," तो म्हणाला, "कटनीला मी आजपर्यंत रेल्वेनंच उतरलो. दोन हातांत पिशव्या, आणि बळीरामभाऊ फलाटावर घड्याळ बघून राहिलेले. या बारीला सायकलनं शिरणार. पाचजण एका ओळीत. तेवढं झालं की बस. नंबर कोणाचाही येवो." मग उठताना, "तुम्ही यायलाच पाहिजे."

मी गेलो. आदल्या दिवशी दीपावहिनी, चिन्मयी आणि मी रेल्वेने कटनीला जाऊन बळीरामभाऊंकडे मुक्कामाला राहिलो. रस्त्यावर काय घडले ते बंडूने मला पुढे सांगितले. त्याने ते दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा एकही शब्द बदलला नाही, म्हणून मी ते जसेच्या तसे लिहू शकतो.

सकाळी ऊन कोवळे होते आणि वारा समोरचा. निघताना अनुपम म्हणाला, "दादा, सिहोऱ्यापर्यंत मन लावून ओढायचं. पुढचं पुढं बघू." बंडूने मन लावून ओढले. पनागरला भाजीवाल्यांनी टोपल्या बाजूला घेऊन वाट करून दिली, तेव्हा त्याने सवयीने घंटी वाजवली आणि आलोक मागून म्हणाला, "इंजन की सीटी." दोन संघ त्यांनी मागे टाकले. सिहोरा गेले. सिहोऱ्याच्या पुढे त्याच्या डाव्या पोटरीत गोळा आला, मग उजव्या. त्याने काही काळ तसेच चालवले. वेग उतरला तेव्हा मागून अनुपमचा आवाज आला, "काय झालं दादा?" त्याला बोलवेना. तेव्हा त्याला नागपूरच्या बाईंनी सांगितलेली खूण आठवली. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोपर हलवले आणि तो बाजूला झाला.

चौघे त्याच्या शेजारून गेले. अनुपम जाताना म्हणाला, "शाब्बास दादा. आता आरामात या."

तो समजला की आपण आता शेवटी लागायचे. त्याने शेवटच्या चाकाला गाठण्याचा प्रयत्न केला. ते हातभराचे अंतर कासराभर झाले, मग विजेच्या दोन खांबांमधले झाले. कोणी मागे वळून पाहिले नाही. रस्ता सरळ असल्यामुळे ते चौघे त्याला बराच वेळ दिसत राहिले, आणि त्याने जे पाहिले त्यापुढे पोटरीतला गोळा काहीच नव्हता. आलोक थोडा वेळ पुढे राहिला, त्याने कोपर हलवले, तो बाजूला होऊन मागे गेला. त्याच्या जागी एक अभियंता आला. मग त्याने कोपर हलवले आणि अनुपम पुढे आला. कोणी सांगत नव्हते, कोणी विचारत नव्हते. शाळेतल्या मुलांना पाढे यावेत तशी ती पद्धत चौघांना येत होती.

"इतकी सफाई होती काका," बंडू म्हणाला, "की बघत राहावं वाटत होतं."

इकडे कटनीत आम्ही मंडपात उभे होतो. बळीरामभाऊंनी झेंडूचा हार आणला होता, दीपावहिनींच्या हातात डबा होता, चिन्मयी फोन समोर धरून तयार होती. भोर टोलीचे निळे सदरे वळणावर दिसले तेव्हा लाउडस्पीकरवर नाव पुकारले गेले. संघांमध्ये ते पहिले होते. चौघे पांढरी रेघ ओलांडून गेले. चिन्मयीने फोन खाली केला.

"चारच," ती म्हणाली.

"जावई कुठं राहिले?" बळीरामभाऊ म्हणाले. "रस्त्यात जलेबी दिसली काय?" नेहमीच्या सुरात म्हणाले खरे, पण बहिणीचा चेहरा पाहून त्यांनी हार दुसऱ्या हातात घेतला.

अनुपम आमच्याकडे आला, दीपावहिनींना वाकून नमस्कार केला. "वहिनी, काळजी नको. दादा येऊन राहिले. पाय थोडा आखडला, बाकी काही नाही."

"एकटे आहेत?" दीपावहिनींनी विचारले.

"येतील न. रस्ता सरळ आहे."

मी त्याला बाजूला घेतले. "त्याच्यासाठी कोणी थांबले नाही?"

"काका, संघाची वेळ चौथ्या माणसावर धरतात. पाचवा मागं राहिला तरी निकालाला फरक पडत नाही. नियमच तसा आहे."

"हा नियम बंडूला ठाऊक होता?"

तो बाटलीचे झाकण फिरवत होता. "काका, सांगितलं असतं तर दादांनी स्वतःला राखून ओढलं असतं. माणूस आहे शेवटी. कोणीही राखून ठेवेल."

हे त्याने उर्मटपणे म्हटले असते तर मला उत्तर देता आले असते. तो मला एखादी साधी सोय समजावून सांगावी तसे सांगत होता, आणि मला ती पटेल याविषयी त्याला शंका नव्हती. मी एवढेच म्हणालो की पाचवा मनुष्य नेमायचा कशासाठी हे त्याला निवडतानाच सांगायला हवे होते. "आता जिंकलो न, काका," तो म्हणाला आणि लाउडस्पीकरवर त्याचे नाव आल्यामुळे गेला.

बक्षिसे वाटून झाली. भाषण झाले. खुर्च्या एकीत एक घालून रचायला सुरुवात झाली होती, तेव्हा बंडू वळणावर दिसला. तो इतक्या सावकाश येत होता की त्याच्या पुढे एक सायकल रिक्षा होती आणि तिला मागे टाकण्याचा त्याने प्रयत्न केला नाही. पांढरी रेघ अर्धी पुसली गेली होती. तो तिच्यावरून आला आणि उतरला. वहिनी पुढे झाल्या. बळीरामभाऊंनी हार त्याच्या गळ्यात घातला आणि, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे, ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटते बंडूला थट्टा अधिक सोसली असती.

"दादा!" मंडपातून आलोक हाका मारू लागला. करंडक त्याच्या हातात होता. "फोटो! बिना इंजन के फोटो कैसा? आइए, आप सामने बैठिए, सबके आगे."

चौघांनी मध्ये जागा केली. बंडूने त्या जागेकडे पाहिले.

"नको," तो म्हणाला. "तुम्ही चौघं घ्या." मग वहिनींना, "डबा उघड. भूक लागून राहिली."

त्याने तिथेच, मंडपाच्या कडेला, मांडीवर डबा ठेवून सगळ्या पुऱ्या खाल्ल्या. अनुपम एकदा त्याच्याकडे येऊ लागला आणि कोणी तरी हात मिळवायला पुढे आले म्हणून थांबला.

पुढच्या रविवारी पहाटे चौकातून टोलीची शिटी दोनदा ऐकू आली. बंडू उतरला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी शिटी आली नाही. मधल्या एका संध्याकाळी अनुपम स्वतः आला. बंडू माझ्या व्हरांड्यात बसला होता. अनुपमच्या हातात एक छोटी मखमली डबी होती. पाचव्या स्पर्धकाचे पदक. ती त्याने टीपॉयवर ठेवली.

"दादा, रागावलात."

"नाही रे."

"सगळ्यांना सांगतो मी, तुमच्यामुळं जिंकलो. बाबाही म्हणाले, बंडूशिवाय झालं नसतं."

"भय्यासाहेब बरे आहेत न?"

"बरे आहेत." अनुपम खुर्चीच्या कडेवर बसला. "दादा, सगळीकडं असंच करतात. मोठमोठ्या शर्यतींत एक माणूस ओढायलाच असतो."

"असेल. त्याला माहीत असतं काय?"

बंडूचा आवाज मुळातच बारीक, त्या दिवशी तो आणखी बारीक होता. मला उठून आत जावेसे वाटले, परंतु बंडूने माझ्याकडे पाहिले आणि मी बसून राहिलो.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "डिसेंबरात तू मला पहिल्यांदा पुढं बोलावलं. तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

अनुपमने मान वर केली. या प्रश्नाने त्याला हायसे वाटल्यासारखे दिसले. "खरं सांगू? तुम्ही रोज मागं पडत होता. पोरं थांबायला कंटाळत होती. म्हटलं, दादांना पुढं ठेवलं तर सगळ्यांना त्यांच्याच वेगानं जावं लागेल. तुम्ही सुटणार नाही. शपथ दादा, त्या दिवशी दुसरं काही नव्हतं."

बंडूने हे ऐकून घेतले. त्याचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग तो म्हणाला, "बरं. मग ते बदललं कधी?"

"काय?"

"माझ्यासाठी पुढं ठेवत होता, ते तुमच्यासाठी पुढं ठेवायला लागलात. तो रविवार कोणता?"

"असं काही ठरवलं नाही दादा कोणी."

"विनीताताई आल्या त्याच्या आधी की नंतर?"

"दादा, कसं सांगू? चालत गेलं. तुम्ही पुढं खुश होता, आम्ही मागं खुश होतो. कोणी बोललंच नाही."

"मी एजन्सीवर येऊन विचारलं होतं."

अनुपमने डबी उचलली, उघडली, पुन्हा मिटली आणि तिथेच ठेवली. "आता काय फरक पडतो त्यानं?"

"मला पडतो," बंडू म्हणाला. "तू तारीख सांगितली असती तर त्याच्या आधीचे रविवार तरी मला ठेवता आले असते. पहिला चहा देत होते, हाका मारत होते, आलोक हसवत होता. त्यातलं खरं किती, हे आता मला कळणार कसं?"

मी अनुपमविषयी कितीही प्रतिकूल मत बनवले असले तरी एवढे मान्य करतो की त्या क्षणी तो खोटे बोलला नाही. एखादा रविवार सांगून टाकणे त्याला सहज शक्य होते. तो उठला, "येतो दादा, येतो काका," म्हणाला आणि फाटक हलकेच लावून गेला. डबी वहिनींनी दिवे लागल्यावर येऊन उचलली. तिचे पुढे काय केले ते मी विचारले नाही.

साखर आटोक्यात ठेवायची असल्यामुळे बंडूने सायकल सोडलेली नाही. तो आता पनागरकडे जात नाही. टोली निघून गेली असेल अशा बेताने, उजाडल्यावर, तो तिलवाऱ्याच्या बाजूला एकटाच जातो. परत आला की आमच्या गप्पा होतात, पण हकीकत अशी फारशी नसते. पुलावर धुके होते की नव्हते, नदीला पाणी किती, एवढेच.

गेल्या आठवड्यात मात्र त्याने एक गोष्ट सांगितली. मागून दुसऱ्या सायकलीच्या साखळीचा आवाज आला की त्याचे पाय आपोआप थांबतात. तो रस्त्याच्या कडेला उतरतो आणि येणाऱ्याला पुढे जाऊ देतो. त्या सकाळी पुलाच्या अलीकडे कॉलेजातली दोन मुले अशीच मागून आली. तो उतरला. तीही थांबली.

"म्हणाली, अंकल, सब ठीक है? हवा भरनी है क्या? पंप आहे म्हणाली त्यांच्याजवळ."

"मग?" मी विचारले.

"म्हटलं, सब ठीक है, आप लोग निकलो. तरी जाईनात. म्हणे, साथ में चलते हैं, अंकल."

"गेलास की नाही?"

"नाही, काका," बंडू म्हणाला. "शूजची लेस सोडली आणि बांधत बसलो. ती गेल्यावर निघालो."